सहल रद्द कोणी केली? काश्मीरच्या १,३०,२०० रुपयांचं प्रकरण

२५ एप्रिल २०२५, शुक्रवार. पहलगामच्या हल्ल्याला तीन दिवस झाले होते. दुपारी आत्याला सहल कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "काकू, तुम्हाला यायचंय की रद्द करायचंय? आज कळवलंत तर पन्नास टक्केच कापले जातील. उद्यापासून स्लॅब बदलतो, मग पंच्याहत्तर."

आत्या म्हणाली, "यांना विचारून सांगते." तिची ही जुनी सवय. भाजीवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळ्यांना ती हेच सांगते आणि आतोबांना कधीच काही विचारत नाही. त्याच मजल्यावर राहणारे आणि त्याच सहलीला निघालेले शेजारी मात्र घाबरले. त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं: "कृपया आमचं बुकिंग रद्द करा."

दोन जोडपी, बस तीच, भाडं तेच, तारीख तीच, भीतीही तीच. एका जोडप्याला शेवटी १,२६,६०० रुपये परत मिळाले, दुसऱ्याला ६५,१००. आत्याची फाइल मी सांभाळली, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही. एका कर सल्लागाराकडे जीएसटीची विवरणपत्रं भरायचं काम करतो.

सहल ११ मेची होती. सात रात्री, आठ दिवस: श्रीनगर, गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम, दूधपथरी. पुण्याहून दिल्लीमार्गे विमान. माणशी ६२,००० म्हणजे दोघांचे १,२४,०००, त्यावर पाच टक्के जीएसटी ६,२००, एकूण १,३०,२००. जानेवारीत ३०,००० यूपीआयने, मार्चमध्ये ५०,००० चेकने आणि ८ एप्रिलला उरलेले ५०,२०० माझ्या आतेभावाच्या क्रेडिट कार्डावर. २० एप्रिलला कंपनीची बॅग, टोप्या, सहलीची पुस्तिका आणि विमानाचं तिकीट मिळालं. तिकिटावर पीएनआर होता. त्या सहा अक्षरांचं पुढे काय मोल होणार आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

२२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. त्या आठवड्यात पुण्यात दुसरा विषयच नव्हता. अशा वेळी पैशांचं बोलणंही जिवावर येतं. आत्या तर म्हणालीच, "माणसं गेली रे तिकडे, आणि आपण काय रिफंडचं घेऊन बसलोय?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण कंपनीच्या स्लॅबला त्या आठवड्यातही सुट्टी नव्हती, हेही खरं.

आता तो स्लॅब. बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेला होता. ग्राहकाने निघण्याच्या तीस ते सोळा दिवस आधी रद्द केलं तर ५० टक्के कपात, पंधरा ते आठ दिवस आधी ७५, त्यानंतर सगळेच. २५ तारखेला बरोबर सोळा दिवस उरले होते, म्हणून तो फोन. नीट वाचलं की एक गोष्ट दिसते: हे सगळे आकडे "ग्राहकाने रद्द केल्यास" या शीर्षकाखाली आहेत. कंपनीने रद्द केलं तर काय, हे चौदाव्या कलमात होतं. युद्ध, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर कंपनी सहल रद्द करू शकते आणि "आपल्या मर्जीनुसार" क्रेडिट नोट, म्हणजे पैशांऐवजी पुढच्या सहलीसाठीचं कूपन, देऊ शकते.

म्हणजे त्या मुलीचा प्रश्न दिसायला साधा होता, पण उत्तर देणारा आपण होऊन पहिल्या रकान्यात जाऊन बसत होता. कंपनीच्या आत सहल न्यायची की नाही हे ठरत असणारच. तोवर जितके प्रवासी स्वतःहून गळतील, तितकं कंपनीच्या पथ्यावर. मुलीने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तिला फोनची यादी दिली गेली होती.

शनिवारी आत्याने मला बोलावलं. मी ईमेलचा मसुदा लिहिला: "आम्ही सहलीला येण्यास तयार आहोत." आत्याने तो लगेच खोडला. "मी नाही रे जाणार अशात तिकडे. खोटं कशाला लिहू?" तिचं बरोबर होतं. मग एवढंच लिहिलं: "आमचे बुकिंग कायम आहे. ११ मेची सहल ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे निघणार आहे का, हे कृपया लेखी कळवावे." रद्द हा शब्द कुठेही नाही आणि खोटंही काही नाही.

हा जुगार होता. शुक्रवारी रद्द केलं असतं तर तोटा ६५,१०० चा. शनिवारपासून तोच ९७,६५० चा. म्हणजे थांबण्याची किंमत ३२,५५०. कंपनीने खरंच सहल काढली असती आणि आत्या गेली नसती, तर आमची बाजू लंगडी पडली असती. ग्राहकाला भीती वाटली म्हणून कंपनीने पैसे परत करावेत, असं कायदा सरसकट म्हणत नाही. पण साठीपुढच्या चाळीस प्रवाशांना घेऊन कोणती कंपनी त्या मेमध्ये पहलगामला जाईल, असा माझा हिशेब होता. २९ एप्रिलला जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली. त्यात दूधपथरीही होती. छापील कार्यक्रम तिथेच मोडला.

२ मे रोजी कंपनीचा संदेश आला. सद्यस्थिती पाहता मे महिन्यातल्या सर्व काश्मीर सहली रद्द करण्यात येत आहेत, आपली संपूर्ण रक्कम क्रेडिट नोटच्या रूपात सुरक्षित आहे, ३१ मार्च २०२६ पर्यंत आमच्या कोणत्याही सहलीसाठी वापरता येईल, हस्तांतर करता येणार नाही. "रद्द करण्यात येत आहेत." आम्हाला हवं असलेलं वाक्य त्यांनीच लिहून दिलं होतं.

आणि त्याखाली आत्याचं उत्तर: "बरं." सोबत हात जोडल्याचं चित्र.

मी कपाळावर हात मारून घेतला. तिच्या मते तिने फक्त निरोप मिळाल्याची पोच दिली होती. कंपनी उद्या म्हणू शकली असती की काकूंनी क्रेडिट नोट मान्य केली. त्याच रात्री ईमेल पाठवला: "आजच्या संदेशाला दिलेले उत्तर केवळ संदेश मिळाल्याची पोच आहे. क्रेडिट नोट आम्हाला मान्य नाही. सहल आपण रद्द केली असल्याने भरलेली रक्कम मूळ मार्गाने परत करावी." दोन दिवसांनी क्रेडिट नोटसाठी संमतीचा फॉर्म आला, सही करून पाठवा म्हणून. तो आम्ही कोराच ठेवला. पुढे कंपनीने त्या "बरं"चा दाखला दिला तेव्हा हा कोरा फॉर्म आणि रात्रीचा ईमेल, दोन्ही कामी आले. मान्यता आधीच मिळाली होती, तर मग सहीसाठी फॉर्म कशाला पाठवलात?

सहल रद्द करण्याचा कंपनीचा निर्णय चुकीचा होता असं आमचं म्हणणं कधीच नव्हतं. तो योग्यच होता. भांडण एवढंच की सहल न्यायची नाही, तर पैसे कोणाच्या खिशात राहावेत? भारतीय करार कायदा १८७२चा आहे. त्याचं ५६वं कलम म्हणतं की करार पार पाडणं अशक्य झालं की तो रद्दबातल होतो. लोक इथेच थांबतात आणि "फोर्स मेजर (हाताबाहेरचं संकट) आहे हो, काय करणार" म्हणून गप्प बसतात. पण पुढे ६५वं कलम आहे. करार असा रद्दबातल झाला की त्यापोटी ज्याने लाभ घेतला असेल, त्याने तो परत करायचा किंवा भरपाई द्यायची. संकटामुळे सेवा न देण्याची सवलत मिळते. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घ्यायला वेगळा आधार लागतो, आणि कंपनीकडे तो फक्त चौदाव्या कलमातल्या "मर्जीनुसार" या शब्दाचा होता.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ची भाषा आणखी थेट आहे. अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, कलम २(४७)मध्ये, सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणं हेही येतं. आमच्या पावतीवर मुदत नव्हती. म्हणून २ मेपासून तीस दिवस धरले.

एक बारकावा मला माझ्या साहेबांच्या वकील मित्राने सांगितला. चौदावं कलमच अन्यायकारक आहे, ते रद्द ठरवा, अशी मागणी करायची तर ती जिल्हा आयोगापुढे चालत नाही. अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. म्हणून आम्ही भर ठेवला तो सेवेतली त्रुटी आणि परतावा नाकारणं यांवर. कलमावर टीका केली, पण ते रद्द करा असं मागितलं नाही.

१३ मेला कंपनीच्या मुंबईतल्या मुख्य कचेरीला पत्र गेलं, ईमेलने आणि रजिस्टर एडीनेही. (१ सप्टेंबर २०२५पासून टपाल खात्याने रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. पोच मिळते, पण "रजिस्टर एडी ठोकतो" या धमकीतला दम गेला.) पत्र दीड पान. तारखा, रकमा, २ मेच्या संदेशातलं वाक्य जसंच्या तसं, आणि पंधरा दिवसांची मुदत. मनस्ताप, वय, रक्तदाब यांवर आत्याने सांगितलेला अख्खा परिच्छेद मी गाळला. तिला राग आला. पण ते आयोगापुढे मागायच्या भरपाईचं बोलणं, पहिल्या पत्रात त्याने मुद्दा पातळ होतो.

२८ मेला उत्तर आलं. "सदिच्छा म्हणून" कंपनी रोख परतावा द्यायला तयार, पण तीन कपाती करून. विमानाचे ४३,००० विमान कंपनीकडे अडकले आहेत, मिळाल्यावर बघू. जीएसटीचे ६,२०० सरकारजमा झाले. आणि माणशी ५,००० प्रशासकीय खर्च. आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार.

शेवटचा मुद्दा सोपा होता. प्रशासकीय खर्च कोणत्या अटीनुसार, एवढंच विचारलं. फॉर्ममध्ये तो फक्त ग्राहकाने रद्द केल्यास होता.

जीएसटी हे माझं रोजचं काम, म्हणून तिथे मला थोडी मजाच आली. आगाऊ रक्कम घेतली, सेवा दिलीच नाही आणि करबीजकही काढलं नाही, तर व्यापारी रिफंड व्हाउचर, म्हणजे आगाऊ रक्कम परत केल्याचा कागद, काढू शकतो. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम ३१(३)मध्ये त्याची तरतूद आहे. भरलेला कर पुढच्या विवरणपत्रात वळता होतो. बीजक आधीच काढलेलं असेल, तर कलम ३४ची क्रेडिट नोट. इथे लोकांची हमखास गल्लत होते. कर कायद्यातली क्रेडिट नोट म्हणजे व्यापाऱ्याने हिशेबातला कर कमी करायला काढलेला कागद. सहल कंपनी आपल्याला देते ती "क्रेडिट नोट" म्हणजे पुढच्या खरेदीचं कूपन. नाव एक, गोत्र वेगळं. आपल्याला कूपन देऊन सरकारकडून कर वळता करून घेतला जातोय का, हा प्रश्न लेखी विचारला की कंपनीचा हिशेब विभाग जागा होतो. आमच्याकडे तसंच झालं. त्या ६,२००वर पुन्हा कोणी बोललं नाही.

खरी गंमत विमानाच्या पैशांत होती.

२ मेला कंपनीने सहल रद्द केली. त्या दिवशी तिने विमानाची तिकिटंही रद्द केली असती, तर विमान कंपनीने आपली कपात केली असती. हल्ल्यानंतर श्रीनगरच्या तिकिटांवर मोफत रद्द करण्याची जी पहिली सवलत जाहीर झाली, ती ३० एप्रिलपर्यंतच्या प्रवासापुरती होती. आमचा प्रवास ११ मेचा. म्हणजे कंपनीचं "अडकले" हे म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. पण आतोबा रिटायर्ड रेल्वेवाले, पीएनआर बघत राहणं त्यांच्या रक्तात. ते दोन-तीन दिवसांआड विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून बघत होते, आणि प्रत्येक वेळी पानाचं चित्र मोबाइलवर काढून ठेवत होते. ३ मेला तिकीट कायम. ५ मेला कायम. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि उत्तर व पश्चिम भारतातले विमानतळ प्रवासी वाहतुकीला बंद झाले. पुढे त्यांचा आकडा बत्तीसपर्यंत गेला. ते १२ मेला उघडले. ११ मेला श्रीनगरचा विमानतळ बंदच होता. त्या दिवशीचं विमान रद्द झालं, आणि ते विमान कंपनीकडून.

म्हणजे सहल कंपनीने तिकिटं रद्दच केली नव्हती. ती थांबली होती, आणि थांबणं तिला फळलं. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं की डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे प्रवाशाला पूर्ण परतावा. तिकीट एजंटामार्फत काढलेलं असलं तरी जबाबदारी विमान कंपनीचीच, आणि त्या वेळच्या नियमात मुदत तीस कामाच्या दिवसांची. क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवलेली रक्कम) घ्यायचं की रोख, हेही प्रवाशाने ठरवायचं. आतोबांनी, प्रवासी म्हणून, विमान कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. ४ जूनला दोन ओळींचं उत्तर आलं: या पीएनआरची पूर्ण रक्कम १६ मे रोजी एजंटाच्या वॉलेटमध्ये जमा केली आहे.

२८ मेला कंपनी लिहीत होती की पैसे अडकलेत. पैसे बारा दिवस आधीच तिच्या वॉलेटमध्ये येऊन पडले होते. बेरकीपणा होता की डाव्या हाताचं उजव्याला कळत नव्हतं, देव जाणे. मोठ्या कंपन्यांत तिकीट विभाग आणि तक्रार विभाग एकमेकांशी बोलतीलच असं नाही.

दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवली होती. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते, आदेश देत नाही. तरी आमची फाइल फोन उचलणाऱ्या मुलीच्या टेबलावरून वरच्या कोणाच्या तरी टेबलावर गेली ती त्यामुळेच, असा माझा समज आहे.

दुसरं हत्यार कार्डाचं होतं. ५०,२०० रुपये कार्डावर गेले होते. सेवा मिळालीच नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यापाऱ्याकडून पैसे परत घेऊन कार्डावर जमा करणं, मागता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, सेवा मिळायची होती त्या दिवसापासून. ११ मेपासून धरले तर ८ सप्टेंबर. चेकला ही सोय नाही. आतेभाऊ पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकायला निघाला होता, मी त्याला थांबवलं. कंपनीशी बोलणी चालू असताना चार्जबॅक टाकला की ती सगळंच थंड्या बस्त्यात टाकते. तारीख मात्र कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली. क्रेडिट नोट घेतली असती तर हाही रस्ता बंद झाला असता.

५ जूनचं दुसरं पत्र छोटं होतं. विमान कंपनीचं उत्तर जोडलं, पीएनआरची चित्रं जोडली आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायच्या तक्रारीचा भरलेला मसुदा जोडला. बुकिंग फॉर्मवर "वाद मुंबईच्या न्यायकक्षेत" असं छापलेलं असलं, तरी २०१९च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील हवाच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. हे कंपनीला ठाऊक असतंच. आपल्यालाही ठाऊक आहे, हे तिला कळायला हवं. मसुद्यात मागणी होती पूर्ण रकमेची, व्याजाची आणि मनस्तापाच्या भरपाईची. आत्याचा गाळलेला परिच्छेद इथे घातला, आणि तिचा राग गेला.

१९ जूनला एका मॅनेजरांचा फोन आला, या वेळी स्वर निराळा. सगळे पैसे देतो, फक्त श्रीनगरच्या हाउसबोटीला दिलेला आगाऊ पैसा परत मिळत नाहीये, तुमच्या दोघांच्या वाट्याचे कर धरून ३,६०० होतात, पावती पाठवतो. पावती आली, खरी वाटली. माझ्या मते तेही सोडायचं कारण नव्हतं. ६५वं कलम लाभ घेणाऱ्याने तो परत करावा असं सांगतं, कंपनीने कोणाला आगाऊ पैसा दिला हा तिचा धंदा. मी तसं म्हणालोही.

आत्या म्हणाली, "त्या बोटवाल्याने काय घोडं मारलंय? त्याचा तर अख्खा सीझन गेला. राहू देत त्याच्याकडे."

ते पैसे खरोखर त्याच्याकडे राहतील याची खात्री नव्हती, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पावती आहे ना?" विषय संपला. तडजोडीच्या ईमेलमध्ये मी एवढंच लिहून घेतलं की ही कपात फक्त पावतीच्या आधारे आणि आमच्या संमतीने आहे, आणि पैसे दहा दिवसांत आले नाहीत तर मूळ मागणी कायम. २७ जूनला ५०,२०० कार्डावर आणि ७६,४०० आत्याच्या बँक खात्यात जमा झाले. जीएसटीचं रिफंड व्हाउचर मागून घ्यावं लागलं, ते जुलैत आलं.

शेजाऱ्यांचं प्रकरण अवघड आहे. २५ एप्रिलला त्यांनीच रद्द केलं, त्यांची तिकिटं त्याच दिवशी रद्द झाली आणि विमान कंपनीची कपात खरोखर झाली. तरी ६५,१०० रुपये कापून घेण्याएवढा खर्च त्या दिवसापर्यंत झाला होता का, हा प्रश्न उरतोच. हाउसबोटीचा आगाऊ पैसा दोघांमागे ३,६०० होता, हे आता आमच्या पावतीवरून कागदावर आलंय. "आज कळवलंत तर पन्नासच" हा फोन आल्याची नोंद त्यांच्या मोबाइलवर आहे, बोलणं मात्र रेकॉर्ड केलेलं नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे त्यांच्या हातात एप्रिल २०२७पर्यंत वेळ आहे. आमची फाइल सध्या त्यांच्याकडे आहे, पावतीसकट.